धुऱ्याच्या दोन बाजूंनी

कुत्रा दुसऱ्या कुत्र्यावर धावून गेला की मालकाची छाती फुगते. "आमचा कोणाले भीत नाई," असं सांगताना तेच मालक दोन्ही हातांनी पट्टा धरून फरफटत चाललेले असतात. खरं म्हणजे धावून जाणारी बरीच कुत्री भ्यालेली असतात. समोरच्याने जवळ येऊन काही करायच्या आत आपणच जाऊन त्याला हाकलावं, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. काहींना भीती नसते, नुसती तडफड असते. समोर कोणी मोकळं हिंडताना दिसतं आणि आपल्या गळ्यात साखळी. दोन्ही प्रकार दिसायला सारखेच. ते वेगळे ओळखायचं मी पोलिसांच्या श्वानपथकात शिकलो आणि निवृत्तीनंतर वर्ध्यात घरी बसून तेच करतो.

माझा बाप जिनिंगमध्ये हमाल होता. पोरगा शिकून पोलिसात लागला म्हणून त्याने वस्तीत पेढे वाटले. पुढे मला कुत्रा सांभाळायचं काम मिळालं हे कळलं तेव्हा त्याने ते बरेच दिवस कोणाला सांगितलंच नाही. शेवटी शेजाऱ्यांनी छेडलंच, पोरगा एवढा शिकला अन् कुत्रे चारून राह्यला म्हणून. मग एका घरफोडीत माझ्या कुत्रीने माग काढला, पेपरात आमचा फोटो आला आणि बाप तो फोटो खिशात घेऊन फिरू लागला. फोटोत तो आधी कुत्री दाखवायचा, मग मला.

घरी येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर हा अंक पुरायचा नाही. आर्वीचे एक कापसाचे व्यापारी गाडीतून भलंमोठं कुत्रं घेऊन आले. त्यांची मागणी अशी की त्याने सगळ्यांवर धावून जावं, फक्त त्यांच्या व्याह्यांच्या कुत्रीवर जाऊ नये. मी म्हटलं, शेठजी, कुत्र्याला नातीगोती शिकवता येत नाहीत. ते नाराज होऊन गेले. कारंज्याच्या एका ढाबेवाल्याचा कुत्रा ट्रकवाल्यांच्या कुत्र्यांचे लचके तोडायचा. मी दोन वेळचं जेवण तिथेच केलं आणि बघत बसलो. गिऱ्हाईक कमी असलं की ढाब्यावरची माणसंच त्याला "छू" करून गंमत बघायची. मी माणसांना शिकवलं. कुत्र्याला काही शिकवावं लागलं नाही.

मूळ काम सोपं आहे, फक्त कंटाळवाणं आहे. प्रत्येक कुत्र्याचा एक टप्पा असतो. दुसरं कुत्रं त्या टप्प्याच्या बाहेर असेल तर तो बघतो, कान उभे करतो, पण तुमचं ऐकतो. ते टप्प्याच्या आत आलं की त्याचे कान तुमच्यासाठी बंद. मग ओरडा, मारा, पट्टा हिसका, काही उपयोग नाही. उलट त्याच्या मनात पक्कं बसतं की दुसरं कुत्रं आलं की मला दुखतं. म्हणून काम टप्प्याबाहेर करायचं. कान उभे झाले की धावायच्या आधी नाव घ्यायचं आणि त्याने तोंड वळवून आपल्याकडे पाहिलं की आवडीचा घास द्यायचा. हळूहळू त्याला कळतं की दुसरं कुत्रं दिसलं की आपल्या माणसाकडे बघायचं असतं. मग अंतर थोडं कमी करायचं. घाई केली की सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या कुत्र्याला समोरून आणायचं नाही, कारण तोंडासमोर तोंड आलं की भांडण. दोघांना एकाच दिशेने, बाजूबाजूने चालवायचं. माणसं मध्ये, कुत्री बाहेरच्या अंगाला.

हे सगळं इतकं सांगितलं ते हिंगणीच्या महादेवरावांसाठी.

गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर ते माझ्या फाटकाशी येऊन उभे राहिले. वाळलेला देह, दंडाला चिकटपट्टी, हातात पिशवी. सोबत कुत्रा नव्हता. कुत्रा कुठे आहे विचारलं तर म्हणाले, शेतात, त्याला रस्त्याने आणता येत नाही, दिसेल त्याच्यावर धावून जातो. महादेवरावांची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. एक दिवसाआड ते डायलिसिससाठी वर्ध्याला येत आणि तिथूनच माझ्याकडे आले होते. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मी पाणी दिलं तर दोन घोट घेऊन तांब्या बाजूला ठेवला. पाणीही मोजूनच प्यायचं होतं.

"डॉक्टर तोंडावर सांगत नाई, पण मले समजते," ते म्हणाले. "माह्या मागं त्याले माह्या भावानं ठेवावं, असं वाटते. पण हा भावाच्या कुत्रीवरच धावते. मंग थो याले काऊन ठेवीन?"

भावाला विचारलंय का, असं मी म्हटलं.

"आमचं बोलणं नाई जी."

हिंगणीच्या त्या बाजूचं शेत जंगलाला लागून. तिथे कोणाचं नसलेलं कुत्रं बिबट्या फार दिवस ठेवत नाही. गावातल्या दोघातिघांना महादेवरावांनी विचारून पाहिलं होतं. भांडखोर कुत्रा कोणालाच नको होता. राहता राहिला भाऊ.

दुसऱ्या दिवशी मी हिंगणीला गेलो. दोन भावांची दोन शेतं आणि मध्ये धुरा, म्हणजे गुडघाभर उंचीचा मातीचा बांध. अलीकडे महादेवराव, पलीकडे धाकटा गजानन. कुत्र्याचं नाव पाहुण्या. ते नाव का पडलं, हे महादेवरावांनी मला बाजेवर बसून सांगितलं. गजाननच्या कुत्रीला, चंपीला, पिल्लं झाली, त्यातलं हे एक सारखं धुरा ओलांडून इकडे यायचं. त्यांनी उचलून पलीकडे ठेवलं की परत हजर. शेवटी एकदा गजाननची बायको तिकडून कोणाकडेच न पाहता मोठ्याने म्हणाली, राहू द्या त्याले तिकडंच. तेव्हापासून तो राहिला.

आणि इथेच घोळ झाला. आलेला पाहुणा परत जाऊ नये म्हणून महादेवरावांनी त्याला साखळीने धुऱ्यालगतच्या बाभळीला बांधला. पिल्लू दिवसभर तिथे बसून पलीकडे मोकळ्या हिंडणाऱ्या आईकडे बघायचं. आधी रडलं, मग भुंकलं, मग साखळी तोडायला लागलं. वर्षाचं झालं तोवर आई ओळखू येईनाशी झाली आणि समोर कुठलंही कुत्रं हललं की त्याच्या अंगात यायचं. दोन भाऊ बोलत असते तर साखळीची गरजच पडली नसती. मी हे काही त्यांना बोललो नाही. साखळी सोडून लांब दोर बांधा आणि जागा बदला, एवढंच सांगितलं.

बोलणं का बंद झालं, तेही त्याच बाजेवर कळलं. वडिलांनी वाढवलेली एक बैलजोडी होती. वाटणीत एकेक बैल आला, पण जुंपायचे एकत्रच. गजाननने ट्रॅक्टर घेतला आणि पोळ्याच्या तोंडावर आपल्या वाट्याचा बैल विकून टाकला, भावाला न विचारता. त्या पोळ्याला महादेवराव एकटा बैल घेऊन तोरणाखाली उभे राहिले. बाजूची जागा त्यांनी मोकळी ठेवली, दुसऱ्या कोणाचा बैल लावू दिला नाही. गर्दीतून कोणीतरी विचारलं, दुसरा कुठे गेला? "भावानं विकून खाल्ला," महादेवराव सगळ्यांसमोर म्हणाले. गजानन मागेच उभा होता.

ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. खाल्ला म्हणायला नको होतं, असं मात्र ते दोनदा म्हणाले.

आता माझी अडचण अशी होती की पाहुण्याला शिकवायला दुसरं शांत कुत्रं पाहिजे, आणि ज्याच्यासोबत त्याला पुढे राहायचं होतं ती चंपीच होती. चंपीला धरायला तिचा माणूस पाहिजे. मी धुरा ओलांडून गजाननकडे गेलो. तो ट्रॅक्टरखाली आडवा पडून ग्रीस भरत होता. तसाच पडून त्याने सगळं ऐकलं. मग बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "मी त्याच्यासंगं बोलणार नाई."

मी म्हटलं, बोलायचं कोणाला आहे, चालायचं आहे. तुम्ही तुमच्या शेतातून, ते त्यांच्या शेतातून.

तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग भावाला सुई कुठे टोचतात, दंडाला की गळ्याला, असं त्याने मला विचारलं. मी दंडाला म्हणून सांगितलं. सकाळी चंपीला घेऊन येतो म्हणाला.

ज्या दिवशी डायलिसिस नसेल त्या सकाळी आमची शाळा भरायची. सुरुवातीला एक भाऊ त्याच्या शेताच्या त्या टोकाला, दुसरा ह्या टोकाला आणि मी धुऱ्यावर. मी म्हटलं की दोघांनी एका दिशेने चालायचं, मी म्हटलं की वळायचं. पाहुण्याला घास म्हणून मी उकडलेली अंडी नेली होती. ती त्याने हुंगून सोडली. मग महादेवरावांनी पिशवीतून गोरसपाक काढला. आम्हा वर्ध्याच्या लोकांचं ते तुपातलं बिस्कीट, कोणी गावाला निघालं की पुडा सोबत द्यावाच लागतो. "मले बंद केलं डॉक्टरनं, हा खाते माह्या वाटचं," ते म्हणाले. कुत्र्याला गोड देऊ नये हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. तिथे फक्त तुकडे नखाएवढे करायला लावले.

कापसाची वेचणी चालू होती. वेचणाऱ्या बाया ओळीतून मान वर करून बघायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या, कारण दोन म्हातारे होत आलेले भाऊ कुत्र्यांना घेऊन कवायत करत होते आणि बोलत होते ते माझ्यातर्फे. "साहेब, त्याले सांगा, पट्टा ढिला सोड, हाताचा ताण कुत्र्याले समजते," असं महादेवराव म्हणायचे. गजाननला ते पलीकडे स्पष्ट ऐकू जायचं. तरी तो माझ्याकडे बघून विचारायचा, काय म्हणते? मी पुन्हा सांगायचो. पगार घेणारा दुभाषी सुद्धा इतका खपत नसेल.

पाहुण्या शिकत होता. चंपी दिसली की आधी त्याच्या पाठीवरचे केस उभे राहायचे. मग ते राहीनासे झाले. मग एका सकाळी तिने कान हलवला आणि त्याने माझ्या सांगण्याची, मालकाच्या हाकेची वाट न बघता मान वळवून महादेवरावांच्या तोंडाकडे पाहिलं. ही घडी माझ्या कामात फार मोलाची असते. महादेवरावांना घास द्यायचं सुचेना. ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले आणि पलीकडून गजानन ओरडला, "दे ना, दे त्याले."

ते मला सांगायचं विसरून तो थेट म्हणाला होता. तिघांनाही ते कळलं. आम्ही पुढे चालू लागलो.

अंतर कमी होत गेलं तसं महादेवरावांचं चालणंही कमी होत गेलं. आधी शेताची पूर्ण लांबी, मग तुरीच्या ओळीपर्यंत, मग बाभळीपर्यंत. पाय सुजले होते. थंडी ऐन भरात असताना दोघं धुऱ्याच्या अगदी अलीकडे-पलीकडे आले, मध्ये फक्त तो मातीचा बांध, बाहेरच्या अंगाला एकेक कुत्रं. त्या दिवशी महादेवरावांचा पाय ढेकळावर घसरला. गजाननने धुऱ्यावरून हात टाकून त्यांचा दंड धरला, सुईच्या बाजूचाच, आणि चटका बसल्यासारखा सोडून दुसरा धरला.

"बस भाऊ," तो म्हणाला. "इथंच बस."

दोघं धुऱ्यावर बसले. चंपी आणि पाहुण्या एकमेकांची शेपटी हुंगून घेऊन पडून राहिली. मी मुद्दाम लांब जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने जवळ आलो तेव्हा ते चंपीच्या कानातल्या गोचिडांबद्दल बोलत होते. त्यानंतरही सकाळी भेटले की कुत्र्यांबद्दलच बोलायचे, कधी पाहुण्याचं पोट बिघडल्याचं, कधी बिबट्याचे पंजे दिसल्याचं. बैलाचा विषय कोणी काढला नाही. बैल तिथेच असायचा, महादेवरावांच्या गोठ्यात, दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या बैलासोबत सावडीने, म्हणजे दोघांत मिळून, जुंपला जाणारा. दोघंही त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

एकदा गजानन मला मोटारसायकलपर्यंत पोचवायला आला. म्हणाला, मनात एक गोष्ट आहे, भाऊशी बोलायची आहे, पण तो दमून जातो, थोडं बरं वाटलं की बोलतो. मी मान हलवली. मला तेव्हा तेच बरोबर वाटलं. घाई करायची नाही, अंतर एकदम कमी करायचं नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. कुत्र्यांच्या बाबतीत ते अजून खरंच आहे. त्या दोघांच्या बाबतीत मी त्याला तिथूनच माघारी पाठवायला हवं होतं की काय, हे मला आजही कळत नाही, आणि त्याचा विचार मनातून जातही नाही.

बरं वाटलंच नाही. तुरी कापून झाल्या आणि महादेवराव दवाखान्यातून परत आले ते गाडीत आडवे. अंत्ययात्रेच्या वाटेवर गावातली सगळी कुत्री जमली होती. पाहुण्याचा पट्टा गजाननच्या बायकोच्या हातात होता. तो कोणावर धावला नाही. इतक्या कुत्र्यांमधून तो मान वर करून एकेका माणसाचं तोंड बघत चालला. मी चार खांद्यांच्या मागे होतो, मला ते सगळं दिसत होतं. श्वानपथकात मी तीन कुत्री माझ्या हाताने पुरली आहेत. रडलो तो त्या वाटेवर.

तेरवीनंतर गजाननचा फोन आला. पाहुण्या त्याच्याकडेच होता. खातो, चंपीजवळ झोपतो, भांडत नाही, सगळं ठीक आहे, पण एक गोष्ट समजत नाही, येऊन बघा. मी गेलो. तो चंपीला डावीकडे घेऊन धुऱ्यालगत चालायला लागला. पाहुण्या मोकळा होता. तो धुऱ्याच्या पलीकडे गेला, महादेवरावांच्या शेतात, आणि एका माणसाची जागा सोडून बरोबरीने चालू लागला. गजाननने हाक मारली की तो यायचा, गोरसपाकचा तुकडा घ्यायचा आणि परत जाऊन तिथेच, तेवढंच अंतर ठेवून चालायचा.

"काऊन असं करते, साहेब? शिकवण्यात काही चुकलं का?"

मी म्हटलं, नाही. आपण हेच शिकवलं. मध्ये माणूस असतो आणि आपण त्याच्या बाहेरून चालायचं.

गजानन तिथेच धुऱ्यावर बसला. त्याला काय बोलायचं राहून गेलं, ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कुत्री दोन्ही बाजूंना उभी राहिली.

यंदाच्या पोळ्याला त्याने मला आग्रहाने बोलावलं. गावाबाहेरच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली सजवलेल्या जोड्या, डफड्यांचा दणदणाट, झडत्यांची, म्हणजे पोळ्याच्या गाण्यांची, चढाओढ. रांगेत गजानन उभा होता, भावाचा म्हातारा बैल घेऊन. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. बाजूची जागा मोकळी होती. सावडीवाल्याने आपला बैल लावतो म्हटलं होतं, गजानननेच नको म्हणून सांगितलं होतं. पाहुण्या पट्टा लावून त्याच्याजवळ उभा होता.

मागून कोणी एक जण, बहुधा बाहेरगावचा, हसत म्हणाला, "एकच? दुसरा कुठं गेला?"

रांगेतल्या जुन्या लोकांनी माना खाली घातल्या. गजानन वळला.

"मी विकला," तो म्हणाला. "भाऊले न विचारता."

आवाज मोठा होता, डफड्यांवरून ऐकू जाईल इतका. ज्याने ऐकायचा तो नव्हता. विचारणाऱ्याला काही कळलं नाही, तो दुसरीकडे निघून गेला.

तेवढ्यात एक गावठी कुत्रं बैलांच्या पायांमधून पळत आलं आणि पाहुण्याच्या अगदी तोंडापुढे थांबलं. पाहुण्याचे कान उभे झाले. तो धावला नाही. शिकवल्याप्रमाणे त्याने मान वळवली आणि वर पाहिलं, पण गजाननकडे नाही, बैलाच्या बाजूच्या त्या मोकळ्या जागेकडे. तो तसाच बघत राहिला. गजाननने ते पाहिलं. बैलाचा कासरा हातात घेऊन तो त्याच्या पुढून पलीकडे गेला, त्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला आणि खिशातून गोरसपाक काढून पाहुण्याकडे वाकला.